आधी माइक, मग झूम

२००६ साली इथे न्यू जर्सीत, लेकीच्या पहिल्या वाढदिवसासाठी मिनीडीव्ही कॅमकॉर्डर घेतला. एम.एस. झालेला इंजिनिअर मी, पण ‘८०० पट डिजिटल झूम’ला भुललो! तो झूम म्हणजे आहे तेच चित्र ताणून मोठं करणं. बाहेरचा माइक जोडायची सोय मात्र पाहिलीच नाही. पुण्याहून आलेल्या बाबांनी नातीला चिऊ-काऊची गोष्ट सांगितली, ती टेपवर आली. वर फ्रीजची घरघर!

२०११ साली बाबा गेले. गेल्या वर्षी ती तासाभराची टेप कॉम्प्युटरवर उतरवली. १३ जीबी भरली. चेहरा स्वच्छ दिसतो, गोष्ट मात्र कान देऊन ऐकावी लागते.

मंडळी, घरचं शूटिंग करताय? आधी माइक बघा. झूम काय, दोन पावलं पुढे गेलं की होतो!