दोन हजेऱ्या

2022 च्या उन्हाळ्यात माझ्या नावानं एक बातमी छापून आली होती. मथळा होता, 'रोजगार हमीची हजेरी आता ॲपवर. बोगस मजुरांना बसणार चाप'. खरं सांगायचं तर बातमी माझी नव्हतीच. तालुक्याच्या ऑफिसातून आलेली प्रेसनोट होती. मी वरचा परिच्छेद खाली केला, खालचा वर केला आणि पाठवून दिली. तालुक्याच्या गावात पत्रकारिता करणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही. रोज सहा-सात बातम्या पाठवायच्या तर त्यातल्या चार अशाच असतात.

त्या बातमीची आज लाज वाटते. का, ते सांगतो. पण आधी आमच्या ऑफिसातली एक गोष्ट ऐका.

त्याच्या पुढच्याच वर्षी आमच्या दैनिकानं बातमीदारांसाठी ऑनलाइन हजेरी आणली. मोबाइलवर एक पान उघडायचं, 'आलो' बटण दाबायचं, निघताना 'गेलो' दाबायचं. मधले तास आपोआप मोजले जाणार. पहिल्याच आठवड्यात बोंबाबोंब झाली. पहाटे पाचला अपघात झाला म्हणून मी महामार्गावर गेलो, बटण दाबलं ते सकाळी अकराला घरी आल्यावर. पानावर नोंद झाली 'उशीर'. एकजण 'गेलो' दाबायला विसरला, त्याचे सलग 31 तास भरले. आणि रात्रपाळीवाल्यांची तर मजाच. संध्याकाळी सहाला आलेला माणूस रात्री एकला सुटला की मध्ये तारीख बदलायची, आणि पान त्याचे दोन अर्धे दिवस मोजायचं. सात तास काम करून पठ्ठ्याचे दोन हाफ-डे!

आम्ही काय गप्प बसणारी माणसं आहोत का? शनिवारच्या बैठकीत आवृत्तीप्रमुखांना धारेवर धरलं. ज्या पोरानं ते पान बनवलं होतं त्याचा नंबर मिळवला. त्याला स्क्रीनशॉट पाठवले, रात्री बारा वाजता फोन केले. पोरगं चांगलं होतं. ऐकून घेत होतं, वहीत लिहून घेत होतं. तीन आठवड्यांत चार गोष्टी बदलल्या. 'बाहेर बातमीवर' असं वेगळं बटण आलं. पाळी ज्या तारखेला सुरू झाली त्याच तारखेत धरली जाऊ लागली. चुकलेली नोंद दोन दिवसांत कारण लिहून दुरुस्त करता येऊ लागली. आणि सगळ्यात महत्त्वाचं, आपली महिन्याची नोंद आपल्याला दिसू लागली.

वेळ मोजणारं यंत्र असंच सुधारतं. बनवणारा खुर्चीत बसलेला असतो, त्याला माणसाचा दिवस असतो कसा हे ठाऊक नसतं. ज्याचा दिवस मोजला जातोय त्यानं सांगितलं, तरच कळतं.

आता रोजगार हमीकडे येऊ.

ही योजना मुळात आपली. 1972 च्या दुष्काळात ती महाराष्ट्रभर राबली, वि. स. पागेंनी ती लावून धरली, 1977 मध्ये राज्याचा कायदा झाला आणि 2005 मध्ये देशाचा. या सगळ्या काळात मजुराची हजेरी कागदी मस्टरवर लागायची. त्या मस्टरवर मेलेली माणसंही खडी फोडून गेली, हे आपण सगळे जाणतो. त्यामुळे ॲप आणण्यामागचं कारण खोटं नव्हतं, हे आधी मान्य करतो.

केंद्र सरकारनं मे 2021 मध्ये 'एनएमएमएस' नावाचं ॲप सुरू केलं. मे 2022 पासून वीस किंवा जास्त मजूर असलेल्या कामांवर आणि 1 जानेवारी 2023 पासून जवळपास सगळ्याच कामांवर ते सक्तीचं झालं. दिवसातून दोनदा कामावरच्या मजुरांचा फोटो, वेळेसह आणि ठिकाणासह. पहिला सकाळी अकराच्या आत, दुसरा दुपारी दोननंतर.

एप्रिल 2023 मध्ये मी दुसऱ्याच बातमीसाठी बालाघाटाच्या डोंगरातल्या एका गावी गेलो होतो. परत येताना रस्त्याकडेला अकरा बायका एका बाभळीखाली बसलेल्या दिसल्या. टिकाव, घमेली बाजूला. दुपारचा एक वाजलेला. मला वाटलं, जेवायची सुट्टी असेल.

"काय मावशी, जेवण चाललंय का?"

"जेवण कव्हाच झालं. काम बी अकरालाच सरलं. फोटूसाठी बसलोय."

उन्हाळ्यात या बायका सकाळी साडेसहाला काम धरतात, म्हणजे ऊन चढायच्या आत नेमून दिलेली माती काढून होते. आपल्याकडे मजुरी मोजमापावर असते, किती माती उपसली त्यावर. मग काम संपलं की घरी जाऊन शेरडं बघायची, पाणी भरायचं, दुसऱ्याच्या रानात अर्धा रोज करायचा. ॲपला ते चालत नव्हतं. त्याला त्या दोननंतर तिथंच दिसायला हव्या होत्या. म्हणून काम संपल्यावर तीन तास उन्हात बसायचं.

आणि ते तीन तास बसूनही मागच्या मंगळवारचा दिवस गेलाच होता. सकाळी रेंज नव्हती, ग्रामरोजगार सेवकाच्या फोनवरून फोटो चढला नाही, अकराजणींचा खाडा पडला. तो बिचारा स्वतःचा फोन घेऊन टेकडीवर चढून आला होता, हेही त्यांनीच सांगितलं. त्या वर्षी आपल्या राज्यात दर होता 273 रुपये. अकराजणींचे धरले तर तीन हजारांच्या वर.

मी तालुक्याला येऊन विचारलं. संबंधित साहेब म्हणाले, "सिस्टीम घेत नाही, आम्ही काय करणार?" वर कळवलंय का? "वर सगळं माहिती आहे."

घरी येऊन मी योजनेची वेबसाइट उघडली. त्या कामाचं मस्टर सगळ्या जगासाठी खुलं आहे. नावं दिसतात, दिवस दिसतात. त्या मंगळवारचा खाडा मला माझ्या खुर्चीत बसून दोन मिनिटांत सापडला. पण जिचा खाडा होता तिच्याकडे बटणांचा फोन होता. तिला तो कळला होता रोजगार सेवकाच्या तोंडून.

आम्ही तीन आठवड्यांत चार गोष्टी बदलून घेतल्या, कारण पोराचा नंबर आमच्याकडे होता. या मावशीनं कुणाला फोन करायचा?

फोन नव्हता म्हणून देशभरातल्या मजुरांना थेट दिल्ली गाठावी लागली. फेब्रुवारी 2023 मध्ये जंतरमंतरवर शंभर दिवसांच्या धरण्याचा निर्धार करून ते बसले. मागण्यांत या ॲपची सक्ती काढा, ही एक होती. सक्ती गेली नाही. पण त्याच वर्षी सरकारनं संसदेत सांगितलं की ॲपमध्ये बदल केलेत. दुसरा फोटो पहिल्यानंतर चार तासांनी काढता येईल. रेंज नसेल तर सकाळची हजेरी आणि फोटो फोनमध्ये साठवून नंतर चढवता येईल. आणि अगदीच अडचण आली तर जिल्हा कार्यक्रम समन्वयकाच्या, म्हणजे आपल्याकडे जिल्हाधिकाऱ्यांच्या, परवानगीनं हाती हजेरी धरता येईल.

हे तिन्ही बदल वाचून मी डोक्याला हात लावला. यातला एकही अवघड नाही. आमच्या त्या पोरानं आठवड्याभरात केले असते. ॲप सक्तीचं करायच्या आधी कुणी एक दिवस, फक्त एक दिवस, त्या बाभळीखाली बसलं असतं तरी तिन्ही गोष्टी कळल्या असत्या.

आणि ज्यासाठी हे सगळं केलं ते साधलं का? जुलै 2025 मध्ये मंत्रालयानंच राज्यांना पत्र पाठवलं, की ॲपवर कामाशी संबंध नसलेले फोटो चढतायत, फोटोचेच फोटो काढले जातायत, फोटोतली माणसं आणि नोंदलेली माणसं जुळत नाहीत, तेव्हा गावपातळीवर सगळे फोटो माणसांनी तपासा. म्हणजे चोरी करणाऱ्यानं आपली वाट काढली. उन्हात बसली ती खरं काम करणारी बाई.

मी आत्ता हे का लिहितोय? डिसेंबर 2025 मध्ये संसदेनं या योजनेच्या जागी नवा कायदा मंजूर केला. शंभरऐवजी 125 दिवसांची हमी. त्यात चेहरा, बोट, नकाशा असं सगळं तंत्रज्ञान आणखी वाढणार आहे. कायदा चांगला की वाईट, तो वाद स्वतंत्र आहे, त्यावर पुन्हा कधीतरी. पण हजेरीची नवी व्यवस्था बसवताना जुन्या चुका तरी परत नकोत.

माझ्या मते तीन साध्या गोष्टी हव्यात. एक, रोजची हजेरी मजुराच्या हातात पडली पाहिजे. जॉबकार्डावर कामाचे दिवस लिहायचे असतातच, ते खरोखर लिहा. दोन, आठवड्याचं मस्टर बंद होण्याआधी ते कामावर मोठ्यानं वाचून दाखवा आणि चूक असेल तर तिथंच दुरुस्त करायची सोय ठेवा. आम्हाला दोन दिवस मिळाले होते, त्यांना एक तास द्या. तीन, महिन्याला रोजगार दिवस घ्यायचा नियम आधीपासून आहे. त्या दिवशी ॲपच्या तक्रारी लिहून घ्या आणि पुढच्या महिन्यात कोणत्या तक्रारीचं काय झालं ते सांगा.

आणि आम्हा पत्रकारांसाठी चौथी. प्रेसनोट आली की छापण्याआधी एकदा साइटवर जाऊन या. पेट्रोलचे शंभर रुपये जातात. मी 2022 मध्ये गेलो असतो तर वर्षभर आधी ही बातमी झाली असती.

मागच्या पावसाळ्यात त्याच गावच्या बाजारात ती मावशी भेटली. तिनंच ओळखलं.

"पेपरवाले भाऊ ना तुम्ही? आता फोटू लवकर काढत्यात बघा. बरं झालं." मग जरा थांबून म्हणाली, "पर त्या मंगळवारचं काय झालं वो?"

त्या मंगळवारचे पैसे आलेले नाहीत. मी पुन्हा विचारलं होतं. मस्टर बंद झालंय म्हणाले.