जिरवू कायले?

पाणी जिरवून नावाजलेल्या नगरकडच्या राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार या गावांची नावं माझ्या तोंडी अभंगासारखी असायची. गावाचं पाणी गावातच मिळवा, दूरच्या धरणातून नळ ओढणं म्हणजे गाव मिंधं करणं, असं मी दर्यापूर तालुक्यातल्या सभांमधून बोलत आलो. आता बोलत नाही.

एका सभेत एक आजी उठल्या. ‘‘भाऊ, पानी जमिनीत गेलं का खारं होते. जिरवू कायले?’’

नगरकडचा खडक वेगळा, पूर्णेचं खोरं वेगळं. इथे गाळाचे जाड थर आणि त्यांत खारं पाणी. अमरावती, अकोला, बुलडाणा अशा तीन जिल्ह्यांत हा खारपाणपट्टा पसरलाय. बोअर खोल नेलं की पाणी बहुधा आणखी खारट, त्यानं ओलीत केलं की जमीन चोपण. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ यातलं ‘अडवा’ आम्हाला लागू, ‘जिरवा’ फारसं नाही. उलट आमची चिकण काळी माती पाणी सहजी सोडत नाही. शेततळ्यात प्लॅस्टिक न अंथरताही ते टिकतं आणि हरभऱ्याला एखादं पाणी देता येतं. पण त्यानं शेताचं भागतं, घागरीचं नाही.

घागर भरते ती मेळघाटच्या पायथ्याच्या शहानूर धरणातून. अकोल्याकडे वान धरणावरची 84 खेडी योजना आहे, तीही याच गरजेतून. अशी जलवाहिनी नुसतं पाणी आणत नाही, वस्तीही हलवते. 1913 मध्ये मूर्तिजापूर-अचलपूर छोटी रेल्वे आली ती कापसासाठी. तेव्हा रुळांकडे बघून जागा घेतली जायची. आज दर्यापूरच्या बनोशात प्लॉट घेणारा आधी नळाचं विचारतो. खारं पाणी असलेल्या गावात पोरगी द्यायला लोक कचरतात, हे तर इथे उघड बोललं जातं. तरी आमचे विकास आराखडे नगरपालिकेच्या हद्दीशी थांबतात. धरण एका तालुक्यात, तोट्या दुसऱ्यात, आणि वाटणीचा विचार भांडण पेटल्यावर. वानचं पाणी अकोला शहराला द्यायचं ठरलं तेव्हा तेल्हारा तालुक्यातले शेतकरी रस्त्यावर उतरलेच. त्यांचं ओलीत त्याच पाण्यावर होतं, त्यांना आडमुठं कसं म्हणू?

जुन्या मतातलं थोडं मी राखलंय. नदीकाठच्या उथळ विहिरींत वरच्या थराला कुठे कुठे गोडं पाणी असतं. नळ आला म्हणून त्या बुजवणं मला पटत नाही. पाइप फुटला की चार दिवस त्याच उपयोगी पडतात.

जुने सोबती म्हणतात, तू पाइपवाल्यांना सामील झालास. झालो. माझं मागणं आता लहान आहे: शेवटच्या टोकाच्या गावाला कोणत्या दिवशी किती वेळ पाणी सुटणार, ते त्या गावच्या ग्रामपंचायतीच्या फळ्यावर आधी लिहिलेलं असावं, आणि धरणातला साठा घटला तर कपात शहरापासून सुरू व्हावी. दुसऱ्या मागणीवर दर्यापुरातले शेजारीच माझ्याशी भांडतात.