अतिरिक्त कार्यभाराची किंमत

मुंबईहून मथुरामार्गे दिल्लीला जाणाऱ्या मराठी माणसाला फरीदाबाद हे दिल्लीच्या अलीकडचे एक स्टेशन म्हणून ठाऊक असते. फाळणीनंतर वायव्य सरहद्द प्रांतातून आलेल्या निर्वासितांसाठी १९४९ पासून येथे नवे औद्योगिक नगर वसवले गेले आणि पुढे ते कारखान्यांचे शहर झाले. केंद्र शासनाची कार्यालयेही येथे बरीच आहेत. केंद्रीय भूजल मंडळाचे मुख्यालय येथेच आहे आणि वनस्पती संरक्षण, संगरोध व साठवण संचालनालयही. अशाच एका कार्यालयात माझी नेमणूक झाली, तेव्हा जादा कामाचे दोन वेगळे हिशेब एकाच शहरात नांदतात हे माझ्या लक्षात आले.

कार्यालयातील एका वरिष्ठ लिपिकाने एकदा मला सरळ प्रश्न विचारला. त्याच्या शेजारच्या टेबलावरील सहकारी १८० दिवसांच्या प्रसूती रजेवर होती. तिचे सगळे काम त्याच्याकडे आले होते आणि तो रोज दोन-अडीच तास उशिरा घरी जात होता. "साहेब, माझा धाकटा भाऊ कारखान्यात आहे. तो थांबला तर त्याला दुप्पट दर मिळतो. मला काय मिळेल?" नियमाप्रमाणे उत्तर एका शब्दाचे होते: काहीही नाही. ते मी त्याला सांगितले, परंतु असे का, हे सांगायला मात्र बराच वेळ लागला.

आपल्या सेवाशर्तींचा पाया असलेले मूलभूत नियम १ जानेवारी १९२२ पासून अमलात आले. त्यातील नियम ११ चा आशय असा की, वेगळी तरतूद नसेल तर शासकीय सेवकाचा संपूर्ण वेळ शासनाचा आहे आणि त्याला दिलेल्या कोणत्याही कामासाठी तो जादा मोबदला मागू शकत नाही. नियम ४९ हा त्याला मर्यादित अपवाद आहे. दुसऱ्या कार्यालयातील किंवा वेगळ्या संवर्गातील पदाचा पूर्ण कार्यभार औपचारिक आदेशाने दिला गेला आणि तो महिन्याभराहूनही लांब अशा एका किमान मुदतीपलीकडे चालला, तर त्या पदाच्या गृहीत वेतनाच्या १० टक्क्यांपर्यंत अतिरिक्त वेतन मिळते. तीन महिन्यांच्या पुढे जायचे तर वेगळी सहमती लागते. म्हणजे पदाचे गृहीत वेतन ५६,१०० रुपये धरले तर महिन्याला फार तर ५,६१० रुपये. एकाच कार्यालयातील दोन समान पदे एकाने सांभाळली तर मुदत कितीही असो, काही मिळत नाही. माझा लिपिक याच कलमात बसत होता. आणि आदेशात 'दैनंदिन कामकाजाचा कार्यभार' असे शब्द असतील तर वर्षभर काम करूनही हात रिकामेच राहतात.

न्यायालयांतही हा प्रश्न शब्दांभोवतीच फिरत आला आहे. पी. ग्रोव्हर विरुद्ध हरियाणा राज्य या १९८३ च्या खटल्यात जिल्हा शिक्षणाधिकारी म्हणून पदोन्नती देऊन वेतन मात्र जुन्या श्रेणीतच ठेवले होते. सर्वोच्च न्यायालयाने वरच्या पदाचे वेतन देण्याचा आदेश दिला. उलट गोव्यातील रमाकांत श्रीपाद सिनाय आडवलपालकर यांच्या १९९१ च्या प्रकरणात, केवळ वरच्या पदाचे काम सोपवणे म्हणजे पदोन्नती नव्हे, अशा वेळी फक्त कार्यभार भत्ता मिळतो, असे न्यायालय म्हणाले. काम तेच असले तरी कागदावर ते कोणत्या नावाने सोपवले, यावर पैसे ठरतात.

ताशी जादा कामाचा भत्ताही आता बहुतेकांना नाही. सातव्या वेतन आयोगाच्या शिफारशीनंतर जून २०१८ च्या आदेशाने तो प्रत्यक्ष यंत्रचालनाशी संबंधित आणि कायद्याने संरक्षित असे औद्योगिक कर्मचारी सोडून इतरांसाठी बंद झाला. ज्यांचा चालू राहिला, त्या यंत्रचालक कर्मचाऱ्यांसाठीही १९९१ च्या आदेशातील दरच ठेवले गेले.

आता भावाच्या कारखान्याकडे पाहू. १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या कलम ५९ नुसार दिवसात ९ किंवा आठवड्यात ४८ तासांहून जास्त काम घेतले तर दुप्पट दर द्यावा लागे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवी कामगार संहिता लागू झाली, तिनेही दुप्पट दर कायम ठेवला आहे. तो प्रत्येक कामगाराच्या हाती पडतोच असे नाही, हे फरीदाबादमध्ये राहणाऱ्याला वेगळे सांगायला नको. पण कायद्याचा हेतू लक्षात घ्यावा. हा दर कामगाराला बक्षीस म्हणून दिलेला नाही, तो मालकाला घातलेला लगाम आहे. जादा तास महाग पडले की मालक नवा माणूस नेमण्याचा विचार करतो.

शासनात नेमके उलटे घडते. रिक्त पद भरले तर पूर्ण वेतन, अतिरिक्त कार्यभार दिला तर १० टक्के किंवा शून्य. अशा हिशेबात पद भरण्याची घाई कोणाला होणार? माझ्याकडे स्वतःच्या पदाबरोबर दुसरे पद अकरा महिने होते. त्या काळात रोज सकाळी कोणती फाइल थांबवायची, हे मला ठरवावे लागे. थांबलेल्या प्रत्येक फाइलच्या दुसऱ्या टोकाला कोणाचे तरी निवृत्तिवेतन, कोणाचा तरी परवाना अडकलेला असे. वाचलेल्या वेतनाची खरी किंमत ते लोक मोजत होते.

माझ्या मते तीन गोष्टी सहज करता येतील. एक, समान पदांच्या दुहेरी कार्यभारालाही मोबदला द्यावा, कारण लिपिकवर्गाचा बोजा बहुधा तिथेच असतो. दोन, मुदतीबरोबर मोबदल्याचा दर वाढत जावा, म्हणजे पद रिक्त ठेवणे शासनाला खर्चिक होईल. तीन, प्रत्येक आदेशात कार्यभार संपण्याची तारीख असावी.

तोवर आपल्यापैकी जे परमुलखात शासकीय सेवेत आहेत, त्यांनी अतिरिक्त कार्यभाराचा आदेश हाती येताच त्यात 'पूर्ण' लिहिले आहे की 'दैनंदिन', एवढे जरूर पाहावे आणि शंका असल्यास त्याच दिवशी लेखी विचारावे. कार्यभार सोडल्यानंतर विचारलेल्या प्रश्नाला लेखा शाखेकडून सहसा फक्त नियमाचा क्रमांक मिळतो.