उनावा : जिथे दुआ करणारेच दवाखान्याची वाट दाखवतात

गुजरातमध्ये मेहसाणा-पालनपूर रस्त्यावर, उंझ्याजवळ उनावा हे गाव आहे. इथल्या हजरत सय्यद अली मीरा दातार यांच्या दर्ग्यावर मुसलमानांबरोबर हिंदूही येतात. कुणाला कानात आवाज ऐकू येतात, कुणाची झोप उडालेली असते. सोबत आई, भाऊ, मावशी. अनेक कुटुंबे दिवसचे दिवस इथेच मुक्काम करतात.

२००८ मध्ये ‘अल्ट्रुइस्ट’ संस्थेने इथे ‘दवा-दुआ’ उपक्रम सुरू केला. मुजावरांना मनाच्या आजाराची लक्षणे ओळखायला शिकवले. आता मुजावर दुआ करतात आणि जवळच्याच दवाखान्यात मानसोपचार डॉक्टरांकडे पाठवतात. गोळी घ्यायला तयार नसलेले घरचे लोक मुजावरसाहेबांचा शब्द मोडत नाहीत, हेच या कामाचे बळ.

अशी सोय नसेल तर काय होते, ते तमिळनाडूतील एरवाडीने दाखवले. ६ ऑगस्ट २००१ रोजी दर्ग्याजवळच्या एका खासगी आश्रमात आग लागली आणि साखळीने बांधलेले २८ रुग्ण जळून मेले. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने साखळीवर बंदी आहे.

घरात कुणी असे आजारी असेल तर दुआ जरूर मागा, पण लाजेपोटी डॉक्टर टाळू नका. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी फोन मोफत आहे. आपल्या मोहल्ल्यातले इमामसाहेब, बुजुर्ग हेही उनाव्याच्या मुजावरांसारखा एक शब्द टाकू शकतात.