खिडकीला चाकं नसतात

होळी आटोपली की नागपुरात घरोघरी कूलर निघतात. पत्र्याची पेटी, तीन बाजूंना जाळ्या, जाळ्यांत वाळा नाहीतर वुडवूल. हे धूड एकदा खिडकीबाहेरच्या लोखंडी स्टँडवर चढलं की पावसाळ्यापर्यंत जागचं हलत नाही. आमच्याकडेही तसाच होता. अडचण एवढीच, की कूलर एका खिडकीत आणि माणसं तीन खोल्यांत.

दुपारी सासरे समोरच्या खोलीत, मुलगा मागच्या खोलीत अभ्यासाला आणि रात्री आम्ही बेडरूममध्ये. घर भाड्याचं, वरच्या मजल्यावर. दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्र उलटली तरी खाली आग ओतत असतो. २३ मे २०१३ ला या शहरानं ४७.९ अंश पाहिलेत, त्यामुळे ४४ चं इथं कोणाला अप्रूप नाही. खोलीखोलीत स्प्लिट एसी परवडणारा नव्हता आणि घरमालकांनी आधीच बजावलं होतं, "भिंतीला भोक पाडायचं नाही बरं!" म्हणून ठरलं, एकच यंत्र घ्यायचं, पण चाकांचं.

बर्डीवरच्या दुकानात पहिल्यांदा नजरेत भरतात ते टेबलावर ठेवायचे चिमुकले 'मिनी कूलर'. मोबाइलवर त्यांच्या जाहिराती तर दिवसभर पिच्छा सोडत नाहीत. मुलाचा त्यातल्या एकावर डोळा होता. त्याला म्हटलं, याच्या टाकीत पाणी मावतं अर्धा लिटर. ते पाच तासांत उडालं, तर शोषलेली उष्णता होते सरासरी ६०-७० वॉट. नुसता बसलेला माणूस १०० वॉटच्या आसपास उष्णता बाहेर टाकतो. म्हणजे तू एकटा खोलीत बसलास की त्याची मेहनत पाण्यात. तो हसला आणि विषय संपला.

खरी लढत होती पोर्टेबल एसी आणि प्लास्टिकच्या चाकांच्या कूलरमध्ये. दुकानदाराचा ओढा अर्थातच एसीकडे. "ताई, ना भोक, ना फिटिंग. पाइप खिडकीतून बाहेर सोडा, झालं!" ऐकायला सोपं होतं. पण ठाण्याला माझ्या धाकट्या बहिणीकडे असाच एसी आहे. सुट्टीत तिच्याकडे गेले होते तेव्हा तो नीट पाहून आले होते. एक टनाचा, वजन तीस किलोच्या घरात. कॉम्प्रेसर खोलीतच, त्यामुळे टीव्हीचा आवाज वाढवावा लागायचा. मागून निघालेला जाड पाइप सरकत्या खिडकीतल्या पट्टीला जोडलेला. त्या पाइपाला हात लावला तर चांगलाच गरम. म्हणजे एसी एकीकडून गारवा देत होता आणि तो पाइप खोलीतच शेकोटी लावून बसला होता.

तिची तक्रार होती, की एसीसमोर गार वाटतं, पण पलंगावर नाही. संध्याकाळी ती देवापाशी उदबत्ती लावत होती. त्यातली एक मी घेतली आणि बंद दाराच्या खालच्या फटीशी धरली. धूर सरळ वर जायच्या ऐवजी खोलीत ओढला गेला. कारण साधं आहे. एका पाइपाचा एसी खोलीतलीच हवा घेऊन, तापवून बाहेर फेकतो. जेवढी हवा बाहेर गेली तेवढी कुठून तरी आत यायलाच हवी. ती येते दाराच्या फटीतून, स्वयंपाकघरातून, खिडकीच्या कडेनं, बाहेरच्याच तापमानाची. दोन पाइपांच्या एसीत हा प्रकार बराच कमी होतो, पण तो आमच्या दुकानदाराकडे नव्हता.

ठाण्यात बाहेरची हवा ३४ अंशांची. तिथं हे चालून जातं. नागपुरात ती ४४ ची असते. शिवाय आमच्या खिडक्या जुन्या वळणाच्या: बाहेर उघडणारी लाकडी कवाडं आणि पुढे उभे गज. पाच-सहा इंची पाइप त्या गजांतून जाणार कुठून? आणि पट्टी बसवायची कशात? एका खिडकीत प्लायवूड ठोकून जमवलंही असतं. पण मग एसी त्या खिडकीपाशीच राहिला असता, आणि तसा खिडकीला बांधलेला कूलर तर आमच्याकडे आधीपासूनच होता.

तिथं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. चाकं यंत्राला असतात. खिडकीला, प्लगला आणि नळाला नसतात. यंत्र खोलीतून खोलीत जाईल, पण त्याला लागणारं सगळं त्या-त्या खोलीत आधीच हजर असायला हवं. घरी येऊन तिन्ही खोल्या या नजरेनं पाहिल्या. प्रत्येक खोलीला बाहेरची खिडकी होती आणि समोर दार होतं. एसीला दारं-खिडक्या बंद लागतात, कूलरला उघड्या. आमचं घर कूलरच्या बाजूचं होतं.

हवाही त्याच्याच बाजूची. मे महिन्यात दुपारी इथली आर्द्रता १५ टक्क्यांपर्यंत उतरते. ४४ अंशांच्या इतक्या कोरड्या हवेत पाणी उडालं तर ती २३ अंशांच्या आसपास गार होऊ शकते. चांगल्या पॅडचा कूलर त्यातली बरीच मजल मारतो आणि २७-२८ ची हवा तोंडावर सोडतो. विजेचं म्हणाल तर मधल्या आकाराचा कूलर २०० वॉटच्या आत भागतो, म्हणजे दहा तासांत दोन युनिट. एक टनाचा पोर्टेबल एसी हजार-बाराशे वॉट खातो आणि मे महिन्यात त्याच्या कॉम्प्रेसरला उसंत मिळत नाही. शिवाय लाइट गेली तरी कूलर इन्व्हर्टरवर चालतो. सासऱ्यांसाठी हा मुद्दा मोठा होता.

दुकानदारानं शेवटचा पत्ता टाकला, "यात बर्फाचा कप्पा आहे बघा." बर्फाला मी भुलले नाही. एक किलो बर्फ वितळताना जेवढी उष्णता घेतो, त्याच्या सातपट उष्णता एक किलो पाणी उडताना घेतं. पाहुण्यांसमोर कप्पा उघडून दाखवायला छान, एवढंच. मी पाहिलं ते पॅडची जाडी, चाकांचा आकार आणि पाणी सोडायची तोटी कुठे आहे ते. हनीकोंब पॅडचा, पन्नास लिटरचा कूलर घेतला.

त्याहून मोठा घ्यावा असं नवऱ्याचं म्हणणं होतं. पण पन्नास लिटर पाणी म्हणजे पन्नास किलो, वर कूलरचं स्वतःचं वजन. आणि आमच्या प्रत्येक दाराला उंबरठा आहे. भरलेला कूलर उंबरठ्यावरून न्यायचा म्हणजे एकानं पुढून उचलायचा, दुसऱ्यानं मागून धरायचा आणि तरी पाणी हिंदकळून फरशीवर येणारच. म्हणून पद्धत ठरली: जागा बदलायची ती टाकी तळाला गेल्यावर. भर दुपारी तासाला आठ-दहा लिटर सहज उडतं, त्यामुळे ती वेळ आपसूक येते. मागच्या खोलीत खिडकीजवळ प्लग नव्हता. तो अर्थिंगसह नवा बसवून घेतला. कूलरचा शॉक लागून माणसं गेल्याच्या बातम्या आमच्याकडे दर उन्हाळ्यात येतात. पाणी भरताना बटण नव्हे, पिनच काढायची, हा घरातला कायदा आहे.

कूलरची पाठ खिडकीला आणि समोरचं दार अर्धं उघडं, हेही सगळ्यांना पटवावं लागलं. सासरे दार लावून घ्यायचे. "अगं, गार हवा जाते ना बाहेर!" मग पुन्हा उदबत्ती. दार उघडं असताना धूर खोलीतून बाहेर वाहत गेला. दार लावलं तसा तो घुटमळायला लागला, आणि थोड्या वेळात बाबांचाच सदरा अंगाला चिकटायला लागला. "असू दे बाई उघडं," म्हणाले.

आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून, घासून कोरडी करते. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्याच्या कडेलाच अंडी घालतो आणि त्यांचे डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. पाऊस सुरू झाला, हवा ओलावली, की कूलरचा नुसता पंखा उरतो. तेव्हा पाणी बंद, पॅड वाळवून ठेवायचे.

हे सगळं ऐकून बहिणीचा फोन आला, "ताई, मीही एसी काढून कूलरच घेते."

"मुळीच नको," मी म्हटलं. "ठाण्यात ६५ टक्के आर्द्रतेला कूलर फार तर २९-३० पर्यंत नेईल, वर घर दमट करून ठेवील. आहे तोच ठेव. पाइप सरळ आणि आखूड ठेव, खिडकीच्या फटी बुजव आणि रात्री सगळे एकाच खोलीत झोपा."

"म्हणजे फिरवायचा नाहीच?"

"तुमच्याकडे माणसं धडधाकट आहेत. एसी जागेवर राहू दे, माणसांना फिरव."