नको आणि नक्को : काही चित्रपटविषयक पाखंडे

चित्रपटांच्या तीन जाती मानण्याची रीत सुशिक्षित समाजात रूढ झाली आहे. पहिली जात कलात्मक चित्रपटांची. ते पाहताना जांभई आली तर ती रुमालाआड द्यावी लागते. दुसरी व्यावसायिक चित्रपटांची; ते आवडले तरी चारचौघांत तसे म्हणावयाचे नसते. तिसरी, अलीकडे ज्यांना ‘कल्ट’ म्हणतात त्यांची. येथे देवापेक्षा पुजारीच अधिक सोवळे पाळतात. कोठी, सुलतान बाजार, बडी चावडी या परिसरात आयुष्य गेलेल्या मजसारख्या माणसाला ही वर्णव्यवस्था मानवत नाही. येथे भाजी घेऊन घरी येईपर्यंत कानांवरून तीन-चार भाषा जातात. त्यामुळे माझी कसोटी डोळ्यांची नाही, कानांची आहे. पडद्यावरची माणसे कोणाची तरी खरी भाषा बोलतात काय, एवढेच मी पाहतो.

या कसोटीवर श्याम बेनेगल यांचा ‘अंकुर’ (१९७४) उतरतो. १९३४ साली तिरुमलगिरीत, कोंकणी भाषक घरात जन्मलेल्या या दिग्दर्शकाने तेलंगणातील माणसांच्या तोंडी दखनी घातली. तोवर हिंदी चित्रपटात दखनी म्हणजे केवळ हशा मिळविण्याचे साधन होते. शहरात शिकलेला जमीनदारपुत्र सूर्या लक्ष्मीच्या हातचे खातो, जातपात मानत नाही, आणि मूल होणार म्हटल्यावर मात्र हात झटकतो. अखेरीस एक पोर त्याच्या खिडकीवर दगड भिरकावते. या दगडाचे आपल्या मंडळींनी तोंड भरून कौतुक केले. मला मात्र नेहमी वाटत आले, की आपण खिडकीच्या कोणत्या बाजूला बसलो होतो हे आपण विचारलेच नाही. तेलंगणात बड्या जमीनदाराला ‘देशमुख’ म्हणत. ते बहुतेक तेलुगू भाषक होते हे खरे. पण शब्द आपल्या ओळखीचा आहे, आणि निजामी अमदानीतल्या वतनांचे व सनदांचे कागद आपल्याही कित्येक घरांतल्या ट्रंकांत अजून आहेत.

बेनेगलांचाच ‘निशांत’ (१९७५) मला तितकासा रुचला नाही, हे पाखंड येथे नमूद करतो. पटकथा विजय तेंडुलकरांची. त्याच वर्षी तेंडुलकरांनीच लिहिलेला आणि जब्बार पटेलांनी दिग्दर्शित केलेला ‘सामना’ही आला. दोन्हींत सत्ताधीश आहे आणि दोन्हींत त्याच्या समोर एक मास्तर उभा आहे. पण ‘निशांत’मधला जमीनदार आल्याआल्याच दुष्ट ठरतो, त्याचा द्वेष करण्यास प्रेक्षकाला काही कष्ट पडत नाहीत. ‘सामना’तला हिंदुराव हा साखरसम्राट गोड बोलतो, पाहुणचार करतो, आणि निळू फुल्यांच्या तोंडची ती भाषा ऐकता ऐकता आपणही त्याच्या ओसरीवर केव्हा जाऊन बसलो हे कळत नाही. अन्यायाचे खरे बळ या गोडव्यात असते. ‘निशांत’ला डोळे आहेत, ‘सामना’ला कान आहेत.

आता तेलुगूकडे वळतो. के. व्ही. रेड्डी यांचा ‘मायाबजार’ (१९५७) हा माझ्या मते पुष्कळशा बक्षीसपात्र कलाकृतींहून श्रेष्ठ आहे. कथा आपलीच, वत्सलाहरणाची. तेलुगूत वत्सलेची शशिरेखा होते, इतकेच. एस. व्ही. रंगारावांचा घटोत्कच लग्नाची पंगत एकटा फस्त करतो हे सर्वांच्या स्मरणात आहे. मला अधिक प्रिय आहे ते वेगळे. कोणी नवे शब्द घडविलेच नाहीत तर भाषेत ते येणार कोठून, असा त्या राक्षसाचा निर्मळ सवाल आहे. शुद्धलेखनावरून आयुष्यभर भांडलेल्या आपल्या कित्येक पंडितांपेक्षा हा राक्षस मला अधिक सुसंस्कृत वाटतो.

नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’ने (२०१६) तर जातिव्यवस्थाच मोडली. पूर्वार्ध गाण्यांचा, उत्तरार्ध दैन्याचा. अर्धा चित्रपट व्यावसायिक, अर्धा कलात्मक. आर्ची आणि परशा पळून येतात ते आपल्या हैदराबादेत. मराठी चित्रपटात हैदराबाद आले आणि त्यात ना आपली शाळा, ना ग्रंथालय, नुसती झोपडपट्टी, अशी तक्रार मी आपल्याच वडीलधाऱ्यांकडून ऐकली. ही तक्रार मला मान्य नाही. आपले पूर्वज हातात नेमणुकीचा किंवा ओळखीचा कागद घेऊन या शहरात आले. ज्याच्यापाशी कागद नाही, त्याचे हैदराबाद तेथूनच सुरू होते. पाटलाची ती मुलगी बाटल्यांच्या कारखान्यात काम करते आणि बघता बघता तेलुगू बोलू लागते. तीन-चार पिढ्या येथे काढूनही आपल्यापैकी कितीजण दखनीवर भागवून नेतात, याचा हिशेब ज्याने त्याने करावा. पुढे ‘धडक’ (२०१८) या हिंदी आवृत्तीने नायक-नायिकेचा संसार कोलकात्याला मांडला. आपल्या शहराची पीडा टळली म्हणावयाचे, की संधी हुकली?

शेवटी एक अगदी हलकाफुलका चित्रपट. ‘द अंग्रेज’ (२००६) हा कुंटा निखिल यांचा अल्प खर्चातला विनोदपट. चारमिनारपाशी बसून फुशारक्या मारणारी इस्माईलभाईची टोळी, त्यातला सलीम फेकू. सोवळ्या मंडळींनी याची गणना थिल्लरात केली. पोराटोरांनी त्याचे संवाद तोंडपाठ केले. मला त्यात निराळेच सापडले. दखनीतले ‘नक्को’ म्हणजे आपले ‘नको’. ‘ऐसाइच’, ‘मैंच’ यांतला तो ठासून सांगणारा ‘च’ही मराठीचाच. आपल्या सभा-संमेलनांत जी मराठी आपण जिवापाड जपतो, तिचा एक तुकडा कोणत्याही ठरावावाचून चारमिनारच्या कट्ट्यावर शतकानुशतके नांदतो आहे.

दुःख वेगळेच आहे. आपली नातवंडे मित्रांत बिनदिक्कत ‘नक्को’ म्हणतात, आणि घरी आजीने आणखी एक पोळी वाढू लागताच ‘नो, थँक्स’ म्हणतात. पोळी नाकारायलाही मराठी उरली नाही, तर अभिजात चित्रपटांची यादी घेऊन करायचे काय? म्हणून माझी सूचना अशी, की या मुलांना प्रथम ‘सामना’ दाखवू नये. प्रथम ‘द अंग्रेज’ दाखवावा, आणि तो ‘नक्को’ आला की चित्रपट थांबवून हा शब्द आपल्या घरचा आहे असे सांगावे. ‘सामना’ मागाहून दाखवता येईल.

ज्यांना हे पाखंड असह्य वाटेल त्यांनी पुढील अंकात अवश्य लिहावे. मात्र पत्र मराठीत असावे.