अण्णांच्या सहीआधी

जिवती

चि. बाळूस,


परवाच्या फोनपासून मनात तोच विषय घोळतोय. अण्णांचं विसरणं वाढलंय, तेव्हा तुझ्या नावानं कुलमुखत्यारपत्र करून ठेवू, म्हणजे उद्या त्यांना काही उमगलं नाही तरी कामं अडणार नाहीत, असं तू म्हणालास. तुझी काळजी कळते रे. पण तो कागद नेमका तेव्हाच निकामी होतो. 1872 च्या करार कायद्याचं कलम 201 सांगतं की, देणारा वारला किंवा त्याची समज गेली की मुखत्यारकी संपली. मुखत्याराचा स्वतःचा हितसंबंध मिळकतीत गुंतलेला असेल तर वेगळं. आपलं तसं नाही. अण्णांच्या माघारी कुणाला काय, हे लिहायचं असेल तर मृत्युपत्र करावं लागेल, आणि तेही त्यांना समजतंय तोवरच.

आपलं खरं काम एकच आहे. मुखेडच्या वडिलोपार्जित जमिनीची वाटणी महसूल संहितेच्या कलम 85 खाली तहसीलदारांपुढं व्हायची आहे आणि अण्णांच्याने एवढा प्रवास होत नाही. त्यासाठी खास मुखत्यारपत्र पुरे. त्यात गट नंबर लिहायचा. हजर राहणं, जबाब देणं, वाटणीच्या कागदांवर सही करणं, एवढंच. विक्री, गहाण, हक्कसोड यांचा अधिकार दिलेला नाही, हेही स्पष्ट लिहू. तुझ्यावर भरवसा नाही म्हणून नव्हे, बाळू. चुलत्यांकडून उद्या कुणी तुझ्याकडं बोट दाखवलं तर कागदानंच उत्तर द्यावं, म्हणून.

कुलमुखत्यारपत्राची धास्ती मला शेजारच्या कोलाम आजोबांमुळं बसली. त्यांना वनहक्काचा पट्टा मिळालाय. बाहेरचा एक माणूस तयार स्टॅम्पपेपर घेऊन आला, म्हणाला, विकायचं नाही, फक्त मुखत्यारी द्या, मी सगळं बघतो. आजोबांनी मला वाचायला दिला. शेती कसण्यापासून विकण्यापर्यंत सगळे अधिकार, मुदत नाही. मी त्यांना ओसरीवर बसवून सांगितलं की 2006 च्या वनहक्क कायद्यानं ही जमीन मुलाबाळांकडं जाते, पण विकता येत नाही. जे तुम्हालाच करता येत नाही ते तुमचा मुखत्यार कुठून करणार? सातबाऱ्यावरची आदिवासी जमीन असती तरी महसूल संहितेचं 36-अ कलम आडवं आलं असतं. बिगर-आदिवासीला विकायची तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, आणि तिच्याआधी सरकारची मान्यता. मुखत्यारपत्रानं मालकी जात नाही, हे तर सर्वोच्च न्यायालयानं 11 ऑक्टोबर 2011 ला सूरज लॅम्पच्या निकालात सांगून टाकलंय. पण मालकी कागदावर आपली राहिली तरी ताबा गेलेला माणूस कोर्टाच्या किती चकरा मारणार? आजोबांनी सही केली नाही. मला त्या रात्री झोप लागली नाही.

आणि आपलं इथलं वनजमिनीवरचं वावर? अण्णा 1972 च्या दुष्काळात इथं जिवतीच्या पहाडावर आले. वनहक्क कायदा बिगर-आदिवासींकडून 13 डिसेंबर 2005 आधीच्या तीन पिढ्या, म्हणजे 75 वर्षांची वहिवाट मागतो. ती आपण कुठून आणणार? पन्नास वर्षं कसलेल्या जमिनीचा पट्टा अण्णांच्या हातात नाही, मग त्या जमिनीची कसली मुखत्यारी ते तुला देणार! याचं दुःख मला मुखेडच्या वाटणीपेक्षा मोठं वाटतं. ते कुठल्या मुखत्यारपत्रानं मिटायचं नाही.

मुखत्यारपत्र तुझ्याकडं पुण्याला नको, मुखेडलाही नको. देणारा राहतो त्या हद्दीतल्या दुय्यम निबंधकांपुढं झालं, की पुढं वाटणीपत्र नोंदवायलाही चालतं. अण्णांना घाट उतरवणं जमलं नाही तर निबंधकांना घरी येता येतं; तसा अर्ज मी करतो. तू दोन दिवस सुट्टी काढून ये. मसुदा त्यांना तू स्वतः वाचून दाखव, सावकाश, आणि सकाळी. सकाळी त्यांना सगळं आठवतं. मुखेडच्या विहिरीला पायऱ्या किती, तेसुद्धा सांगतात.

तुझा,
दादा